वाकडे पाय आणि अस्थिशल्यचिकित्सा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनात एखाद्या शास्त्रीय विषयावर बोलावे, अशी सूचना चिटणीसांकडून आली, तेव्हा विषय शोधण्याचे श्रम आम्हांस पडले नाहीत. गेल्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त आपण वाचले असेलच. वैद्यकीय साहाय्य निधीकडे आलेल्या अर्जांपैकी एक अर्ज त्या सभेत ‘पुढील वर्षी विचार करावा’ असा शेरा मारून बाजूस ठेवण्यात आला. अर्ज एका बारा वर्षांच्या मुलीचा होता. चालताना तिचे दोन्ही गुडघे एकमेकांस घासतात आणि गुडघे जुळवून उभी राहिली असता दोन घोट्यांमध्ये चांगले सहा बोटे अंतर राहते. मुलीचे नाव-गाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. सभेत एका वडीलधाऱ्या सभासदांनी असे मत मांडले की, निधी हा जिवावरच्या दुखण्यासाठी आहे. पाय सरळ करून घेणे हे रूपाचे काम असून त्यासाठी ज्ञातीचा पैसा वेचणे योग्य नव्हे. हे मत पुष्कळांस पटले. निधी थोडा आणि अर्ज फार, अशा स्थितीत हात आखडता घेण्यात गैर काही आहे असे आम्हीही म्हणत नाही. परंतु आमचे आयुष्य हाडांच्या व्यवसायात गेले असल्यामुळे ‘हे रूपाचे काम आहे’ हे विधान कितपत खरे, याची चिकित्सा आपल्यासमोर करणे आम्हांस कर्तव्य वाटते.

प्रथम पाय सरळ म्हणजे काय ते पाहू. गवंडी भिंत उभारताना ओळंबा सोडतो आणि त्या दोरीवरून भिंतीचा कल ताडतो. अस्थिशल्यवैद्याचाही असाच एक ओळंबा आहे. खुब्याच्या सांध्याच्या मध्यबिंदूपासून घोट्याच्या मध्यबिंदूपर्यंत एक सरळ रेषा ओढावी. निरोगी पायात ही रेषा गुडघ्याच्या जवळजवळ मधून, किंचित आतल्या अंगाने, जाते. मांडीचे हाड स्वतः तिरपे असते, म्हणून नुसत्या डोळ्यांनी पाहणारा फसतो; पण भार जातो तो या रेषेनेच. रेषा गुडघ्याच्या आतल्या बाजूस सरकली की पाय फेंगडा होतो, दोन गुडघ्यांमध्ये पोकळी पडते. ती बाहेरच्या बाजूस सरकली की गुडघ्यास गुडघा लागतो. हे मोजण्यासाठी रुग्णास उभे करून खुब्यापासून घोट्यापर्यंतचे एकच लांब क्ष-किरण चित्र घ्यावे लागते. निजवून काढलेल्या गुडघ्याच्या लहानशा चित्रावरून हा हिशेब मांडता येत नाही. ही गोष्ट साधी असली तरी आमच्याकडे येणाऱ्या दहा जणांपैकी निदान पाच जण असे लहान चित्रच घेऊन येतात.

आता भाराविषयी. पाय अगदी सरळ असला तरी चालताना गुडघ्यावर येणाऱ्या भारापैकी निम्म्याहून अधिक वाटा आतल्या कप्प्यावर पडतो. पाय थोडा जरी फेंगडा झाला तरी हा वाटा झपाट्याने वाढतो, आणि सांध्यातील गुळगुळीत कूर्चा एकाच बाजूने झिजू लागते. बैलगाडीचे चाक आसावर तिरपे बसले म्हणजे जे होते तेच येथे होते. २००१ साली अमेरिकेतील शिकागो येथील संशोधकांनी गुडघ्याच्या संधिवाताच्या रुग्णांची अठरा महिने पाहणी केली. ज्यांचे पाय आरंभी फेंगडे होते त्यांच्यात आतल्या कप्प्याची झीज आणखी वाढण्याचा संभव सुमारे चौपट आढळला. ज्यांचे गुडघे आत वळलेले होते त्यांच्यात बाहेरच्या कप्प्याची झीज त्याच रीतीने अधिक दिसली. तेव्हा आज बारा-तेरा वर्षांची असलेली मुलगी चाळिशीत पाय धरून बसेल की कामावर जाईल, हा प्रश्न त्या ओळंब्याच्या रेषेशी निगडित आहे. रूपाचा प्रश्न त्यात नाहीच असे आम्ही म्हणणार नाही. वधूपरीक्षेच्या वेळी मुलीस चार पावले चालून दाखव असे सांगण्याची रीत आपल्यात होती, आणि ती सर्वस्वी गेली आहे असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? परंतु रूप ही या व्याधीची वरची साल होय.

याच्या उलट बाजूही सांगणे अवश्य आहे, कारण या विषयात जितके दुर्लक्ष होते तितकीच निष्कारण धावपळही होते. तान्हे मूल फेंगड्या पायांचेच जन्मते. दीड-दोन वर्षांचे होईपर्यंत ते पाय सरळ होतात. त्यानंतर ते उलट दिशेस जातात, आणि तीन-चार वर्षांच्या मुलाचे गुडघे एकमेकांस लागलेले दिसतात. सहा-सात वर्षांच्या सुमारास पाय मोठ्या माणसासारखे होतात. फिनलंडमधील सालेनियस व व्हान्का या दोघा वैद्यांनी हजारांवर तपासण्या करून हा क्रम १९७५ साली प्रसिद्ध केला आणि तो आजही प्रमाण मानला जातो. म्हणजे चार वर्षांच्या नातवाचे गुडघे घासतात म्हणून आजीने रात्र रात्र जागण्याचे कारण नाही. तेल चोळून, पाय बांधून, लोखंडी पट्ट्यांचे बूट घालून जे पाय ‘सरळ झाले’ असे सांगतात, त्यांपैकी बहुतेक आपोआपच सरळ व्हावयाचे असतात. यश मात्र तेलास आणि बुटास मिळते.

मग भिण्यासारखे कोणते? एकच पाय वाकडा असेल, दोन वर्षांनंतरही फेंगडेपणा वाढत असेल, सात-आठ वर्षांनंतरही गुडघे घासत असतील, मूल वयाच्या मानाने फार ठेंगणे असेल, अथवा चालताना दुखत असेल, तर ती निसर्गाची लीला समजू नये. तेथे कारण शोधावयाचे असते.

कारणांमध्ये आपल्याकडे अग्रमान मुडदुसाचा. मुडदूस हा थंड, धुरकट देशांचा रोग, आपल्या सूर्यप्रकाशाच्या देशात तो कशास येईल, असा पूर्वी समज होता. तो खोटा ठरला आहे. ‘ड’ जीवनसत्त्व त्वचेत उन्हामुळे तयार होते हे खरे. पण ते खिडकीच्या काचेआडून येणाऱ्या उन्हाने तयार होत नाही. दिवसभर सदनिकेत वाढणाऱ्या मुलास ऊन मिळत नाही आणि गरिबाच्या मुलास चुनखडीचे तत्त्व, म्हणजे कॅल्शियम, मिळत नाही. दूध नाही, नाचणी नाही, ताटात केवळ भात, असे जेथे असते तेथे ऊन भरपूर असूनही हाडे मऊ राहतात. तान्ह्या मुलास पहिल्या वर्षी रोज ४०० एकक ‘ड’ जीवनसत्त्व द्यावे असा बालरोगतज्ज्ञांचा उपदेश आहे. यासाठी लागणारा खर्च एका शस्त्रक्रियेच्या खर्चापुढे काहीच नाही. मुडदुसाच्या बाबतीत शल्यवैद्याने पाळावयाचा पहिला नियम असा की, औषधाने रोग बरा झाल्यावाचून शस्त्र उचलू नये. लहान मुलाचा पाय पुष्कळदा औषधानेच वर्ष-दीड वर्षात सरळ होतो. आणि मऊ हाड कापून सरळ केले तरी ते पुन्हा वाकते. मूत्रपिंडाच्या दोषाने किंवा आनुवंशिक कारणाने होणारा मुडदूस निराळा. त्यास निराळे औषध लागते आणि त्यासाठी रक्ताची तपासणी अपरिहार्य आहे.

दुसरे कारण पाण्यात आहे. जुन्या आंध्र प्रदेशातील, आताच्या तेलंगणातील, नळगोंडा जिल्ह्यात विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड अतिशय आहे. तेथील किशोरवयीन मुलांत गुडघे विलक्षण आत वळल्याचे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील कृष्णमाचारी व कृष्णस्वामी यांनी १९७३ साली प्रसिद्ध केले. पाठीचा कणा ताठ करून टाकणारी फ्लोराइडची बाधा वैद्यांस १९३७ पासून ठाऊक होती. पण मुलांच्या गुडघ्यांवर ती अशी उतरते हे जगास तेव्हा कळले. आपल्या मानकांप्रमाणे पिण्याच्या पाण्याच्या एका लिटरमध्ये फ्लोराइड १ मिलिग्रॅमच्या आत असावे, आणि दुसरे पाणी नसेल तर निदान १.५ च्या वर जाऊ नये. तुरटी, चुना आणि विरंजक चूर्ण यांच्या साहाय्याने हे द्रव्य पाण्यातून काढण्याची जी कृती नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने सिद्ध केली, तिला ‘नळगोंडा पद्धती’ हेच नाव पडले आहे. आपल्या चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांतही हा दोष आहे, हे तेथील सभासदांनी ध्यानात ठेवावे. विहिरीचे पाणी तपासून घेण्यास शस्त्रवैद्याची गरज लागत नाही.

याखेरीज वाढ करणाऱ्या कूर्चेच्या चकतीस मार लागणे, हाडात पू होणे, मोडलेले हाड वाकडे जुळणे, आणि नडगीच्या वरच्या टोकाची आतली बाजू वाढेनाशी होणे (वॉल्टर ब्लाउंट या अमेरिकन शल्यवैद्याने १९३७ साली याचे वर्णन केले) अशी पुष्कळ कारणे आहेत. त्यांच्या तपशिलात शिरलो तर जेवणाची वेळ टळेल.

वाकडे हाड सरळ करण्याची कल्पना नवी नाही. श्रीकृष्णाने मथुरेत कुब्जेच्या पावलांवर पाऊल ठेवून, दोन बोटांनी हनुवटी उचलून तिला सरळ केले, ही कथा आपण कीर्तनात ऐकली आहे. तो अधिकार भगवंताचा. मनुष्यांपैकी सुश्रुताचार्यांनी मोडलेल्या हाडांस बांबूच्या पट्ट्या बांधण्याचे आणि रुग्णास फळीवर खुंट्यांच्या आधाराने निजवून पाय हलू न देण्याचे विधान सांगितले. वाकडे जुळलेले हाड पुन्हा मोडून नीट बसवावे, असेही त्यांनी स्पष्ट म्हटले आहे. आमच्या शास्त्राचे युरोपीय नाव ‘ऑर्थोपीडिक्स’ हे १७४१ साली पॅरिसच्या निकोला आंद्री याने आपल्या ग्रंथासाठी ‘सरळ’ आणि ‘बालक’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून बनविले. त्या ग्रंथातील एक चित्र जगभरच्या अस्थिशल्यवैद्यांचे बोधचिन्ह होऊन बसले आहे: एक वाकडे रोपटे आणि त्यास दोरीने बांधलेला एक सरळ खुंट. म्हणजे ज्या शास्त्रास आज आपण मोडलेल्या हाडांचे शास्त्र समजतो, त्याचा जन्म मुलांची वाकडी हाडे सरळ करण्यासाठी झाला.

आंद्रीला शस्त्र ठाऊक नव्हते, खुंट आणि दोरीच ठाऊक होती. शस्त्राने हाड कापण्याचे भय सर्वांना होते, आणि ते रास्त होते. कातडी फाटून हाड उघडे पडले की त्यात पू होई आणि पाय, प्रसंगी प्राणही, जाई. म्हणून तत्कालीन वैद्य मुलाचा वाकडा पाय हातांनी किंवा मळसूत्राच्या यंत्राने बाहेरून दाब देऊन मोडीत. तो कोठे मोडेल याचा भरवसा नसे. हे भय दूर झाले ते ग्लासगो शहरात. तेथील रॉयल इन्फर्मरीत जोसेफ लिस्टर याने १८६५ च्या ऑगस्टमध्ये अकरा वर्षांच्या एका मुलाची जखम कार्बोलिक आम्लाने बांधली. गाडीचे चाक पायावरून जाऊन त्या मुलाची नडगी मोडली होती आणि हाडापर्यंत जखम गेली होती. पू झाला नाही, हाड जुळले. निर्जंतुक शल्यचिकित्सेचा आरंभ एका मुलाच्या पायापासून झाला, हे आमच्या शाखेच्या लोकांस अभिमानाने सांगावेसे वाटते.

त्याच रुग्णालयात शिकलेल्या विल्यम मॅकइवेन याने पुढचे पाऊल टाकले. ग्लासगो तेव्हा कारखान्यांच्या धुराने काळवंडलेले, दाट वस्तीचे शहर; मुडदुसाने गुडघे वाकलेली मुले गल्लोगल्ली दिसत. मॅकइवेनने १८७७ च्या सुमारास मांडीचे हाड गुडघ्याच्या किंचित वर, लहानशा छेदातून, छिन्नीने कापून पाय सरळ करण्याची रीत बसविली. सुताराच्या पटाशीची धार एका अंगाने उतरती असते, त्यामुळे ती हाडात तिरपी शिरते. म्हणून त्याने दोन्ही अंगांनी निमुळते होणारे, मुठीसकट एकाच पोलादाचे हत्यार करविले. १८८० साली त्याने या विषयावर ग्रंथ लिहिला. क्ष-किरणांचा शोध लागण्यास अजून पंधरा वर्षे अवकाश होता! हाड आत कसे दिसते हे न पाहता, केवळ बोटांच्या स्पर्शाने आणि हातोडीच्या आवाजाने, त्याने शेकडो मुलांचे पाय सरळ केले. आजही आम्ही हे अस्थिछेदन जवळजवळ त्याच जागी करतो. फरक इतकाच की हाड जुळेपर्यंत प्लॅस्टरमध्ये महिनोगणती निजविण्याऐवजी धातूची पट्टी व मळसूत्रे बसवितो, आणि रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुबड्या घेऊन उभा राहतो.

तरीही एक मर्यादा होती. एकाच वेळी फार मोठा वाक सरळ केला तर पायाच्या शिरा आणि चेता ताणल्या जातात. शिवाय पाय आखूड असेल तर तो लांब कसा करावा? याचे उत्तर सैबेरियाच्या सीमेवरील कुर्गान या आडवळणाच्या गावी मिळाले. गावरील इलिझारोव्ह हा तरुण वैद्य युद्धानंतर तेथे नेमला गेला होता. १९५१ च्या सुमारास त्याने पायाभोवती धातूची कडी बसविणारे एक उपकरण केले. सायकलच्या आऱ्यांसारख्या बारीक, ताणलेल्या तारा हाडातून आरपार घालावयाच्या, त्या कड्यांना बांधावयाच्या, आणि कडी एकमेकांस दांड्यांनी जोडावयाची. हाड कापल्यावर पाच-सात दिवस थांबून दांड्या रोज १ मिलिमीटर, तोही पाव-पाव मिलिमीटर करून चार वेळा, फिरवल्या तर मधल्या पोकळीत नवे हाड भरत जाते. एका बाजूच्या दांड्या अधिक फिरवल्या तर हाड हळूहळू सरळ होते. मांस, शिरा, चेता, कातडी यांना सोबत वाढण्यास वेळ मिळतो. कुब्जेला एका क्षणात सरळ करणारा हात आमच्यापाशी नाही. आमचा वेग दिवसास एक मिलिमीटर.

मॉस्कोच्या नामांकित प्राध्यापकांनी कित्येक वर्षे या ग्रामीण वैद्याकडे लक्ष दिले नाही. १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये उंच उडीत सुवर्णपदक मिळविणारा व्हॅलेरी ब्रुमेल १९६५ साली मोटारसायकलच्या अपघातात पाय मोडून घेऊन बसला. अनेक शस्त्रक्रियांनंतरही हाड जुळेना. १९६८ साली तो कुर्गानला गेला आणि बरा झाला, तेव्हा रशियाने इलिझारोव्हला ओळखले. पश्चिम युरोपने ओळखले ते कार्लो माउरी या इटालियन गिर्यारोहकाचा जुना मोडका पाय १९८० साली तेथे दुरुस्त झाल्यानंतर. पुढच्याच वर्षी इटलीतील वैद्यांनी इलिझारोव्हला भाषणास पाचारण केले. आपल्याकडेही ही विद्या आता रुळली आहे, आणि ती मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाही. विदर्भात अकोल्यास तिचे केंद्र आहे. १९९० नंतर अमेरिकेत टेलर बंधूंनी दोन कड्यांमध्ये सहा तिरप्या दांड्यांची योजना केली. कोणती दांडी कोणत्या दिवशी किती फिरवावयाची याचे कोष्टक गणकयंत्र काढून देते. हाड कोणत्या बिंदूत वाकले आहे तो नेमका कसा काढावा याचे भूमितीसारखे शास्त्र ड्रोर पेली याने मांडले. २००२ सालचा त्याचा ग्रंथ आमच्या मेजावर असतो.

एवढे वर्णन ऐकून कोणी हुरळून जाऊ नये, म्हणून कष्टाची बाजूही सांगतो. वाढविलेल्या दर सेंटिमीटरमागे महिना-दीड महिना कडी पायावर राहतात. तारा जेथे कातडीतून जातात तेथे रोज स्वच्छता करावी लागते आणि तरीही कधी ना कधी तेथे लाली येते, पू येतो. सांधा आखडू नये म्हणून दुखत असताना व्यायाम करावा लागतो. नडगीच्या बाहेरील अंगाने जाणारी चेता दुखावली तर पाऊल उचलता येत नाही. पोटरीत सूज कोंडून रक्तपुरवठा बंद पडण्याचा धोका शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत असतो. तो लवकर ओळखला नाही तर पाय कायमचा अधू होतो. म्हणूनच निव्वळ उंची वाढविण्यासाठी चांगले पाय कापून घेऊ पाहणाऱ्या तरुणांस आम्ही आजवर परत पाठवीत आलो आहो. अलीकडे स्थळे जुळविताना मुलाची उंची इंचांत विचारतात आणि असे तरुण वर्षास दोन-तीन तरी येतात. रूपाचे काम म्हणावयाचे असेल तर ते हे. यासाठी कोणी निधीकडे अर्ज केला तर तो खुशाल फेटाळावा. आमची त्यास संमती आहे.

आता ज्या मुलीपासून विषय निघाला तिच्याकडे वळू. वाढत्या मुलांसाठी हाड न कापता करावयाचा एक उपाय आहे, आणि आमच्या मते तो या शास्त्रातील सर्वांत देखणा उपाय होय. हाडाची लांबी टोकाजवळच्या कूर्चेच्या चकतीत वाढते. चकतीवर दाब पडला की वाढ मंदावते, हे ह्यूटर व फोल्कमान या जर्मन वैद्यांनी १८६२ साली सांगितले. गुडघा आत वळला असेल तर आतल्या बाजूस चकतीवर दोन बोटांएवढ्या छेदातून एक लहान पट्टी दोन मळसूत्रांनी बसवावयाची. ती बाजू थांबते, बाहेरची बाजू वाढत राहते, आणि मूल आपल्याच वाढीने आपला पाय सरळ करते. ब्लाउंटने १९४९ साली यासाठी धातूचे आकडे वापरले होते, ते निसटत. अमेरिकेतील पीटर स्टीव्हन्स याने २००७ साली प्रसिद्ध केलेली दोन मळसूत्रांची पट्टी मात्र टिकाऊ ठरली. मूल त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जाते, प्लॅस्टर नाही, आणि थोड्याच दिवसांत शाळेत जाऊ लागते. दर तीन महिन्यांनी दाखवावे लागते, कारण पाय सरळ झाल्यावर पट्टी काढली नाही तर तो उलट बाजूस वळतो. साधारण वर्ष-दीड वर्षात काम पुरे होते.

परंतु या उपायास एक अट आहे: वाढ शिल्लक असली पाहिजे. मुलींची गुडघ्याजवळची वाढ चौदाव्या वर्षाच्या आसपास थांबते, मुलांची सोळाव्याच्या. गेल्या वर्षी ती मुलगी बारा वर्षांची होती. आज ती तेरा वर्षांची आहे. ‘पुढील वर्षी विचार करावा’ हा शेरा पैशाच्या बाबतीत निरुपद्रवी असेल. हाडाच्या बाबतीत तो निरुपद्रवी नाही. तिच्या मनगटाचे क्ष-किरण चित्र काढले म्हणजे हाडांचे खरे वय कळेल आणि पट्टीचा उपाय अजून लागू आहे किंवा नाही ते ठरेल. लागू असेल तर तो आठवड्यांचा प्रश्न समजावा, महिन्यांचा नव्हे. लागू नसेल तर मॅकइवेनच्या मार्गाने मांडीची दोन्ही हाडे कापून पट्ट्या बसवाव्या लागतील. तोही उत्तम उपाय आहे, पण त्याचा खर्च कितीतरी पट, शाळेचे वर्ष बुडण्याचा संभव, आणि धोकाही अधिक. म्हणजे काटकसरीच्या दृष्टीने पाहिले तरी विलंब महाग पडतो. हे गणित कोषपालांस आमच्यापेक्षा अधिक चांगले कळते.

सभेत बसलेल्या प्रौढांसाठीही थोडे बोलावे लागेल, कारण भाषण चालू असतानाच पुढच्या रांगेतून आपापले गुडघे चाचपणारे काही हात आम्हांस दिसत आहेत. चाळिशी-पन्नाशीतील, कामावर जाणाऱ्या मनुष्याचा गुडघा फेंगडेपणामुळे फक्त आतून झिजला असेल आणि बाहेरची बाजू शाबूत असेल, तर सांधा बदलण्याची घाई करू नये. नडगीचे हाड गुडघ्याखाली कापून भाराची रेषा थोडी बाहेर नेली तर झिजलेल्या बाजूस विसावा मिळतो. जॅक्सन व वॉ यांनी १९६१ साली आणि अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या कॉव्हेंट्री यांनी १९६५ साली ही रीत प्रचारात आणली. रेषा नेमकी किती न्यावी याचा मापदंड १९७९ साली फुजिसावा या जपानी वैद्याने दिला: नडगीच्या वरच्या पृष्ठभागाच्या रुंदीत आतून मोजल्यास सुमारे ६२ टक्क्यांवर. हाड जुळण्यास तीन महिने लागतात, पण सांधा स्वतःचा राहतो, आणि योग्य निवड केली असता अनेकांस दहा वर्षे वा त्याहून अधिक काळ उसंत मिळते. सत्तरीतील, सर्व बाजूंनी झिजलेल्या गुडघ्यास मात्र कृत्रिम सांधाच बरा. तंबाखू ओढणाऱ्याचे हाड उशिरा जुळते. त्याने आधी ती सोडून मग आमच्याकडे यावे.

निधी समितीपुढे आमच्या तीन सूचना आहेत. वाढत्या वयातील मुलांच्या अस्थिव्यंगाचे अर्ज वार्षिक सभेपर्यंत न थांबविता समितीने पंधरा दिवसांत निकालात काढावे. अर्जासोबत उभे राहून काढलेले संपूर्ण पायाचे चित्र आणि रक्तातील कॅल्शियम, फॉस्फरस व ‘ड’ जीवनसत्त्व यांची तपासणी मागावी. त्याचा खर्च निधीने सोसावा, म्हणजे केवळ औषधाने बरी होणारी मुले तेथेच वेगळी निघतील. आणि सरकारी साहाय्य असेल तेथे ते आधी घ्यावे. शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघर येथून सुरू झाला. त्यात मुडदूस मोडतो. आपल्या गावच्या शाळेत तपासणीचे पथक येते तेव्हा मुलाला त्या दिवशी घरी ठेवू नये. ‘व्यंग सरकारी कागदावर चढेल आणि पुढे लग्नात आड येईल’ अशा भीतीने मुलीस मुद्दाम घरी ठेवणारे पालक आपल्यात आहेत, हे आम्ही ऐकीव सांगत नाही.

उद्या रविवारी सकाळी नऊपासून बारापर्यंत आम्ही मंडळाच्या वाचनालयात बसणार आहो. ज्यांना मुलांचे पाय दाखवावयाचे असतील त्यांनी मुलांस अर्धी विजार घालून आणावे. पूर्वीची क्ष-किरण चित्रे असतील ती गुंडाळून न आणता सपाट आणावी, आणि मुलाचे एक-दोन वर्षांपूर्वीचे उभे छायाचित्र घरी असेल तर तेही बरोबर घ्यावे. वाक वाढतो आहे की उतरतो आहे, हे त्यावरून ताबडतोब कळते. त्या मुलीच्या वडिलांस येण्याविषयी चिटणीसांनी पत्र धाडले असून ते आज रात्रीच्या गाडीने निघत आहेत.